उताऱ्यावरची नावं आणि छपरावरची कौलं

जुनं घर कुणाचं, हा प्रश्न माझ्या टेबलावर रोज सुटतो. सिटी सर्वेचा उतारा काढायचा, त्यावरची नावं वाचायची. जितकी नावं तितके मालक. बेळगावच्या कोर्ट आवारात बाँड रायटर म्हणून बसतो मी. वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, खरेदीखत, बक्षीसपत्र, हाच धंदा. शहापूर, वडगाव, अनगोळ, भांदूर गल्ली, तिकडे खानापूर-नंदगडापर्यंतची कितीतरी घरं माझ्या हातून कागदावर उतरली. त्यातली पुष्कळशी आता कागदावरच उरली आहेत.

त्यामुळे एखादं घर ऐतिहासिक आहे की नाही हे ठरवायला गावाचं मंडळ बसतं आणि घरमालक त्याच्यापुढे उभे राहून वाद घालतात, हे ऐकल्यावर मला आधी हसूच आलं. आमच्याकडे घरमालक एकमेकांशीच भांडतात, त्यात एक पिढी जाते. मंडळाची पाळी यायची कधी?

हे कळलं भाचीमुळे. ती अमेरिकेत एका लहान गावात राहते. घर लाकडी, जुनं, पुढे व्हरांडा. तिची सगळी आळीच ऐतिहासिक म्हणून जाहीर करावी असा प्रस्ताव गावाच्या मंडळापुढे आला. "मामा, तुझ्या लाइनीतलं आहे, बघ," म्हणून तिने सुनावणीचं रेकॉर्डिंग पाठवलं. रात्री जेवणं झाल्यावर बसलो बघायला. बायको म्हणाली, परक्यांच्या भाऊबंदकीत एवढं काय बघायचं ते! पण मी हललो नाही. लोक ओळीने माईकपुढे यायचे, ठरवून दिलेल्या मिनिटांत बोलायचे, घंटी झाली की गप्प. एकाला खिडक्या बदलायच्या होत्या. लाकडी चौकटी कुजल्यात, प्लॅस्टिकच्या बसवल्या तर मंडळ अडवेल ही त्याची धास्ती. एका बाईंना शेजारचं घर पाडून तिथे फ्लॅट होतील याची धास्ती. आणि एक गृहस्थ सर्वांत जोरात जुन्या घरांच्या बाजूने बोलले, ते त्या आळीत राहतच नव्हते. संध्याकाळी तिकडून फिरायला जायचे, एवढाच संबंध. भाची विरोधात बोलली. शेवटी मंडळाने निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. म्हणजे तारीख पडली. इथे मात्र मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मग मी थोडं वाचलं. चार्ल्स्टन नावाच्या गावाने १९३१ साली जुन्या वस्तीसाठी असा कायदा पहिल्यांदा केला आणि त्यासाठी मंडळ नेमलं. न्यूयॉर्कमध्ये पेन स्टेशनची देखणी इमारत १९६३ साली पाडायला घेतली, लोक हळहळले, आणि १९६५ला तिथे कायदा आला. पुढे एका रेल्वे कंपनीने, आमच्या स्टेशनावर आम्हाला मजले चढवू देत नाही म्हणजे आमची मिळकतच काढून घेतली, असा दावा लावला. तो १९७८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टात कंपनी हरली. त्या देशाची एक राष्ट्रीय यादीही आहे. तिच्यात यायला इमारत साधारण ५० वर्षांची असावी लागते, आणि खासगी मालकाने हरकत घेतली तर नाव चढत नाही. गंमत अशी की त्या यादीत नाव आलं तरी स्वतःच्या पैशाने काम करणाऱ्या मालकाचा हात कोणी धरत नाही. हात धरतं ते गावाचं मंडळ. तेही बहुतेक ठिकाणी घराच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या अंगापुरतं. आत तुम्ही स्वयंपाकघर कुठे हलवलंत याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

५० वर्षं! हा गज आमच्याकडे लावला तर निम्मं शहापूर राहू दे, टिळकवाडीतली सत्तरीच्या दशकातली सिमेंटची घरंही ऐतिहासिक ठरतील, मोज़ेकच्या फरश्यांसकट. आपला केंद्राचा कायदा १९५८चा. त्याला १०० वर्षं लागतात, आणि त्याची नजर देवळं, मशिदी, किल्ले, लेणी यांवर. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन देऊळ, १२०४ सालची, ती या कायद्याच्या सावलीत. २०१०च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीचे. या कायद्याला शेजारचं घर दिसतं ते स्मारकाच्या वाटेतली अडचण म्हणूनच. ऐहोळेचं लाडखान देऊळ बघा. लाडखान नावाचा माणूस तिथे राहत होता म्हणून देवळाला त्याचं नाव पडलं. देऊळ जपलं गेलं, नावही राहिलं, पण तिथे संसार थाटून राहणारा आज कुणाला चालेल?

राहत्या घरांसाठी काहीच नाही असं मात्र नाही. कर्नाटकाच्या १९६१च्या नगर नियोजन कायद्यात वारसा-इमारतीची व्याख्या पुढे घातली गेली: वास्तुकला, सौंदर्य, इतिहास किंवा संस्कृतीच्या दृष्टीने मोल असलेली आणि नियोजन प्राधिकरणाने तसं जाहीर केलेली इमारत. बेळगावपुरतं प्राधिकरण म्हणजे बुडा, बेळगाव नगरविकास प्राधिकरण. म्हणजे खुर्ची आहे, अधिकारही आहे. पण माझ्या टेबलावर राहत्या घराचे उतारे येतात ते बँकेच्या बोज्याचे, कोर्टाच्या मनाईचे शेरे घेऊन. वारसा-इमारतीचा शेरा असलेला एकही अजून माझ्या हाती लागलेला नाही.

आता, कुठलं घर राखण्याजोगं हे मंडळाने तरी ओळखायचं कसं? १८९२च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले. आधी सदाशिवराव भाटे वकिलांकडे तीन दिवस, मग वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे नऊ दिवस राहिले. शिकागोची परिषद व्हायची होती. भाट्यांच्या दारात उभा होता तो एक तरुण संन्यासी, नाव कुणाला ठाऊक नसलेला. त्या वर्षी मंडळ बसलं असतं तर रिसालदार गल्लीतल्या त्या घराला कोणी विचारलंही नसतं. आज ते रामकृष्ण मिशनकडे स्मारक म्हणून आहे, आणि राहिलं याचा आनंदच आहे. पण ते वाचलं ते पाहुण्यामुळे. घराच्या सुतारकामामुळे नाही, की तीन दिवस पाहुण्याला वाढणाऱ्या बाईमुळे नाही. ज्यांच्याकडे असा पाहुणा उतरला नाही त्यांनी काय करायचं?

दुसऱ्या टोकाला लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग नांगर, कडबा कापायचं चाफकटर. पुढे नगरपालिकेच्या विस्तारात कारखान्याची जागा गेली आणि १९१० साली ते औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेले. तिकडे किर्लोस्करवाडी झाली, आमच्याकडे किर्लोस्कर रोड राहिला. रस्त्याला नाव देऊन जागेचं देणं फेडायची आपली ही रीत जुनीच आहे.

आणि कॅम्प, म्हणजे लष्कराची छावणी. तिथले जुने बंगले, झाडांत दडलेले, कौलांचे, ऐसपैस, अजून बरेच दिसतात. देशभरच्या छावण्यांत 'ओल्ड ग्रँट' नावाचा प्रकार आहे: जमीन सरकारची, वरचं बांधकाम तेवढं तुमचं, आणि विचारल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. या नियमाचा इतिहासप्रेमाशी काडीचा संबंध नाही, लष्कराला जागा कधीही परत घेता यावी म्हणून तो केलेला. तरी बंगले राहिले. आणि आम्ही गावातली मंडळी, जुन्या वाड्याच्या नुसत्या आठवणीने ज्यांचा गळा दाटतो, त्यांच्या गल्ल्यांत मात्र तीन मजली शटरांची रांग. मास्टर प्लॅनने रस्ते रुंद झाले तेव्हा कितीतरी घरांचे कट्टे, सोपे म्हणजे पुढच्या पडव्या, दर्शनी खांब गेले, आणि मागे उरलेल्या माजघराला थेट रस्त्यावर दार आलं. दोष सगळा मास्टर प्लॅनचा नाही. भरपाई घेऊन त्याच पैशात शटर बसवणारेही आपलेच.

ज्या घरापायी हे सगळं लिहायला बसलो ते शहापुरातलं. गल्लीचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या दोन बिल्डर आणि चार मध्यस्थ दारात उभे राहतील. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात, त्यामुळे त्या घराचं मूळ खरेदीखत संस्थानच्या कागदावर, मोडीत. वडील मोडी सराईत वाचायचे, त्यांच्याकडून मला जेमतेम उतरली. खत उलगडून वाचायला लागलो: घर खण पाच (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा), मातीच्या भिंती, वर कौलं, पुढे सोपा, मागे परडं व आड. मग चतुःसीमा. मग ती नेहमीची ओळ, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, सगळं विकत दिलं. आमच्या आताच्या खतांत चौरस फूट असतात, आणि दस्त नोंदणीच्या कावेरी सॉफ्टवेअरच्या रकान्यांत आड लिहायला जागाच नाही.

घर बघायला गेलो होतो, कारण वाटणीचा नकाशा करायचा होता. तिथे राहणाऱ्या वहिनींनी माळ्यावर नेलं. शिडी उभीच, हाताला दोर. वर गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागला, मग दिसलं ते असं: सागवानी तुळई, एका माणसाच्या कवेत जेमतेम यावी अशी, तिच्यावर तासणीचे घाव अजून मोजता येतील इतके ताजे. तुळई आणि खांब जोडायला एकही खिळा नाही, नुसती खाचेत बसवलेली कूस आणि खुंटी. मधल्या दोन खणांत नळीची जुनी कौलं गेली आहेत, तिथे मंगळुरी कौलं घातलीत. एक निसटलेलं उचलून उलटं केलं तर पाठीवर कारखान्याचं नाव. आणि उत्तरेकडच्या वाशाला वाळवीची मातकट नळी लागलेली. बोटाने खरवडली तर वासा आतून पोकळ. बोट पेरभर आत गेलं.

खाली आल्यावर वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "घर ठिवा म्हणणारे लई हैत, भावजी. कौलं चाळायला मेच्या उन्हात वर चढतंय कोण, त्ये सांगा."

मंडळं, याद्या, श्रेण्या सगळ्यांपुढे हा प्रश्न ठेवावा असं तेव्हापासून माझ्या मनात आहे.

कारण त्या घराच्या उताऱ्यावर वहिनींचं नाव आहे, पण सातातलं एक. थोरले दीर पुण्यात, धाकटा हुबळीला, एक नणंद गडहिंग्लजला, एक इथेच वडगावात, शिवाय वहिनींची दोन मुलं. १९९४ साली कर्नाटकाने आणि २००५ साली देशाने मुलींना वडिलार्जित मिळकतीत वाटा दिला. फार योग्य झालं, आणि त्याआधीची हक्कसोडपत्रं मी कशी लिहिली जाताना पाहिली आहेत ते मला माहीत आहे: साडी-चोळी, डोळ्यात पाणी आणि अंगठा. पण कायदा प्रत्येक वाटेकऱ्याला हिस्सा मोजून देतो, घरात राहण्याला मात्र काहीच मोल धरत नाही. दर वर्षी कौलं चाळणारी, पागोळ्यांखाली घमेली मांडणारी, वाळवीला रॉकेल पाजणारी बाई आणि पुण्याहून गणपतीपुरता येणारा दीर, दोघांच्या सहीचं वजन कागदावर सारखं. वारसा-मंडळ आलं तर ते आणखी एक वाटेकरी होईल, ज्याचा हिस्सा नाही पण ज्याची परवानगी लागेल. भाचीच्या गावातल्या त्या फिरायला येणाऱ्या गृहस्थांसारखा.

मग घराचं काय होतं तेही मला ठाऊक आहे. घर पाडायला मनाई असली तर कोणी पाडत नाही. दोन कौलं सरकवून ठेवतात. आमच्याकडचा पाऊस पुढचं बघतो. एक पावसाळा भिंत भिजली की मातीचं पोट सुटतं, दुसऱ्या पावसाळ्यात धोकादायक इमारतीची नोटीस लागते, आणि मग सगळं कायदेशीर.

यात सरकारचा हिशेब कसा चालतो बघा. २०१९च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्याने पाहिलेला पाऊस कोणी विसरलेलं नाही. मातीच्या भिंतींची घरं रांगेने बसली. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने ५ लाख रुपये जाहीर केले. द्यायलाच हवे होते, लोक उघड्यावर आले होते. पण त्याच घराला आधीच्या उन्हाळ्यात दोन वासे, कौलं आणि सुताराची मजुरी हवी होती तेव्हा द्यायला कुठल्याच कागदावर तरतूद नव्हती. पडलं तर पैसे. उभं ठेवलं तर तुझं तू. तिकडे अमेरिकेतही फार वेगळं नाही म्हणा: केंद्राची करसवलत आहे, जुन्या इमारतीच्या दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के, पण ती उत्पन्न देणाऱ्या इमारतीला. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला नाही. भाची विरोधात का बोलली ते तेव्हा समजलं.

मुंबईत १९९५पासून वारसा नियमावली आहे, इमारतींना श्रेण्या लावतात. २०१२ साली नवी यादी निघाली, तीत शिवाजी पार्कची घरं आली आणि रहिवासी हरकती घेऊन उभे राहिले. तेव्हा बाहेरच्या लोकांनी त्यांना नावं ठेवली, की बघा, यांना इतिहासाचं काही नाही. मला ते पटलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर गुडघेदुखीने अडकलेल्या माणसाला लिफ्ट हवी असते. त्याच्या इमारतीची शोभा रस्त्यावरच्या सगळ्यांनी बघायची आणि जिने त्याने एकट्याने चढायचे?

म्हणजे यादी नको का? हवी. मी घर राखण्याच्याच बाजूचा आहे, शटरांची रांग मला बघवत नाही. पण माझ्या मते यादीची सुरुवात दर्शनी खांबांपासून न होता उताऱ्यापासून व्हावी. घरात प्रत्यक्ष कोण राहतं ते आधी लिहावं, आणि त्याच्या शब्दाला वाटेकऱ्यांपेक्षा जास्त वजन असावं. घरपट्टी माफ करावी, ती रक्कम मोठी नसली तरी मानाची असते. पावसाळ्याआधी कौलं-वाशांना थोडे पैसे द्यावेत. खानापूर तालुक्यात कुंभारकामाची, कौलांची एवढी परंपरा, तिथे ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, मग नळीची कौलं पाडणारे चार हात टिकतील इतकं काम देणं अशक्य नाही. आणि एकेकटं घर धरू नये, गल्ली धरावी. एका बाजूला तीन मजले चढले की मधल्या कौलारू घरावर त्यांच्या गच्चीचं पाणी पडतं. मग त्या घराला ऐतिहासिक म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा.

पाटीबद्दल मी मुद्दामच बोलत नाही. इथे पाटी म्हटलं की ती कन्नडमध्ये की मराठीत, वर कोण आणि खाली कोण, हा वाद सुरू होणार, आणि १९५६पासून आम्हाला त्याची सवय आहे. मोडी कागदाचं घर कन्नड अर्ज भरून इंग्रजी शिक्क्याने ऐतिहासिक ठरेल तेव्हा ठरेल. घराला भाषा कळत नाही, गळती कळते.

शहापूरच्या त्या घराचं सध्या असं चाललंय. मंडळ नाही, यादी नाही, तेव्हा मी भावंडांपुढे एक तोड ठेवली, वाटणीपत्रातच बसेल अशी. मागच्या परड्याचे वाटे करा, त्याला बाजारभाव आहे. पुढचे तीन खण, सोपा आणि रस्त्याकडची भिंत सामाईक ठेवा. वहिनी आहेत तोवर राहणं त्यांचं. कोणाला आपला हिस्सा विकायचा झाला तर आधी भावंडांना विचारायचं, बाहेर नंतर. आणि छपराचा खर्च सगळ्यांनी हिश्शाप्रमाणे, दर वर्षी अक्षय्यतृतीयेच्या आत. वडगावच्या नणंदेने लगेच होकार दिला. हुबळीच्या धाकट्याने विचारलं, किती वर्षं असं ठेवायचं? घासाघीस होऊन पंधरावर थांबलो. पुण्याचे थोरले म्हणाले, बिल्डरचा आकडा एकदा कळू दे, मग बोलू. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, त्यांनाही मुलीचं लग्न आहे.

गडहिंग्लजच्या ताईंनी मात्र मसुदा दोनदा वाचून नेमकं बोट ठेवलं. दर वर्षीच्या खर्चाचं लिहिलंय, पण तो उत्तरेकडचा पोकळ वासा आत्ताच बदलायला हवा, त्याचं काय? सुतार बघून गेलाय. सागवान परवडत नाही, किंदळाचा घालू म्हणतो. वहिनींनी त्याला विसार देऊन टाकला, स्वतःच्या पेन्शनीतून. ती रक्कम सात वाट्यांत कशी धरायची, की धरायचीच नाही, ते कलम अजून कोरं आहे.